आठ टक्क्यांची भाची

चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत बसणाऱ्या त्या माणसाला सगळे टक्केसर म्हणत. त्यांचं खरं आडनाव बँकेला आणि बायकोला तेवढं माहीत होतं, आणि बायकोही ते रागावल्यावरच वापरी.

एके काळी ते शाळेत गणित शिकवत. मग गावातल्या आईबापांच्या डोक्यात ते वारं शिरलं: पोरांना दूरच्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत घालायचं. कॉलेजं आकाराने लहान, नावाने मोठी. तिथे नक्की शिकवतात काय, हे आधी कुणाच्या पचनी पडेना. सरांनी ते एका दमात समजावलं. “तिथं पोरगं सकाळी ताऱ्यांचा अभ्यास करतं, दुपारी इतिहास वाचतं, संध्याकाळी नाटकात झाड होतं, आणि शेवटी या सगळ्याची मिळून एकच पदवी घेऊन घरी येतं.”

“आणि नोकरी?” एका बापाने विचारलं.

“कॉलेज चांगलं असलं तर झाडालाही मिळते.”

त्या एका उत्तरावर सरांचं दुकान चालू झालं म्हणायला हरकत नाही. या कॉलेजांत जागा मूठभर आणि अर्ज ढीगभर, त्यामुळे प्रत्येक घरात एकच प्रश्न: आमच्याचं होईल का? त्याचं उत्तर आकड्यात देणारा माणूस गावात एकच होता. लोक जिन्यात रांग लावून उभे राहत. जिन्याच्या भिंतीवर खालच्या दुकानाने डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता लटकवला होता. वाट बघता बघता आया तो मोठ्याने वाचत, आणि शेवटची ओळ दिसली नाही की परतताना खाली शिरत. चष्मेवाले या व्यवस्थेवर खूश होते. सरांचे घरमालकही तेच.

सरांची पद्धत ठरलेली. ते आधी गुणपत्रकं बघत, मग निबंध वाचत, आणि मग आईबापांना जिन्यात पाठवून पोराला एकच विचारत, “कुणी सांगितलेलं नसताना तू काय करतोस?” पोरं गडबडत. कुणी म्हणे वाचन, कुणी म्हणे समाजसेवा, आणि म्हणताना दाराकडे बघे. एखादंच असं निघे, की ज्याच्या उत्तरानंतर सर पुढे सरकून बसत. मग आईबाप परत आत. सर चष्मा काढत, शर्टाच्या टोकाने पुसत, डोळे मिटत, आणि आकडा सांगत.

तो आकडा मात्र खरा नसे.

खरा आकडा सरांना कळे, यात शंका नाही. त्या बाबतीत माणूस पक्का होता. पण पहिल्याच वर्षी त्यांनी एका कंत्राटदाराला “तुमच्या मुलाचं झाल्यातच जमा” असं सांगून टाकलं, आणि मुलाचं झालं नाही. कंत्राटदार भर रस्त्यात उभा राहून वर खिडकीकडे बघत जे काही बोलला, त्यातले काही शब्द गणिताच्या माणसाने आयुष्यात ऐकलेले नव्हते. तेव्हापासून सर कात्री लावू लागले. मनात साठ आले की तोंडातून वीस. मनात तीस आले की दहा. पोराचं नाही झालं तर “सरांनी सांगितलंच होतं”. झालं तर काय विचारता! केकचा डबा, हार, आणि फोटो.

फोटो टेबलामागच्या भिंतीवर. प्रत्येक फोटोखाली सरांच्या सुबक अक्षरात: ‘बारा टक्के. आणि तरीही!’ ‘नऊ टक्के. आणि तरीही!’ येणारा माणूस ती भिंत बघूनच अर्धा विरघळे.

ही कात्री एकट्या बायकोला माहीत होती. “लोक शर्ट शिवायला टाकतात तर तुम्ही बनियन करून देता,” ती म्हणे, “आणि वर म्हणता, बघा कसा घाम शोषतो.”

“अगं, पोरांचं भलंच होतं त्यात. जास्त झटतात.”

“पोरांचं ना? मग फोटो आपल्या भिंतीवर कशाला?”

यावर सर पेपर उघडत.

सरांची मोठी बहीण इस्पितळात नर्स होती. तिला एकच मुलगी. पोरगी लहानपणी शाळेतून थेट मामाकडे यायची आणि टेबलाखाली बसून गणितं करायची. उत्तर मनासारखं आलं नाही की रडायची. तेव्हा मामाने तिला शिकवलं होतं, “आकड्याशी भांडायचं नाही. आकडा जे सांगतो ते ऐकायचं आणि पुढं जायचं.” पोरीने ते इतकं मनावर घेतलं, की मोठी झाल्यावर आईने “जरा अजून झोप” म्हटलं तरी ती घड्याळाकडे बोट दाखवून उठायची.

तिचीही पाळी आली. ती निबंध घेऊन आली तेव्हा सरांनी रीत म्हणून तिलाही तोच प्रश्न विचारला. “कुणी सांगितलेलं नसताना तू काय करतेस?”

“तुला माहीतच आहे की. समोर जाते. शिंप्याकडे.”

समोरच्या शिंप्याला ऐकू येत नसे, आणि बोलणं हातांचं. गिऱ्हाईक ओरडून सांगे, तो मान डोलावी, आणि मनाला येईल तसं शिवून देई. भाची मागे लागून त्याच्याकडून हातांची भाषा शिकली. मग तिने पुठ्ठ्यांवर हात काढले: सैल, घट्ट, लांबी कमी, उद्या नको आजच. प्रत्येक हाताखाली अर्थ. ते पुठ्ठे दुकानाच्या दर्शनी भागात टांगले. लोक आता त्यात बघून हात करू लागले, चुकीचे करू लागले, शिंपी हसून हसून दुरुस्त करू लागला. संध्याकाळी शाळेतली पोरं उगाच तिथे उभी राहून हात शिकत.

“त्याने मला शिव्याही शिकवल्यात,” भाची म्हणाली. “त्यांचे पुठ्ठे नाही केले.”

“निबंधात ते आहे का?”

“शेवटच्या परिच्छेदात. काढू?”

“खबरदार काढलंस तर!”

सरांनी निबंध वाचला. चष्मा काढला, पुसला, डोळे मिटले. तिला हवं होतं ते कॉलेज प्रवेशाला कडक होतं, पण ही पोरगी तिथे शोभून दिसली असती. मनात आकडा आला: पंचावन्न. साठही असेल. मिटल्या डोळ्यांआड त्यांना बहिणीचा चेहरा दिसला. ड्युटीवरून येऊन पाय सोडून बसलेली ताई. नाही झालं तर ताई काही बोलणार नाही, नुसती बघेल. हे एक कारण, आणि ते खरं होतं.

पण त्याच्या आत दुसरं एक बसलेलं होतं. भिंतीवर मधोमध एक जागा रिकामी होती. तिथे भाचीचा फोटो, आणि खाली सगळ्यांत लहान आकडा. स्वतःच्या भाचीचीही जो माणूस भीड ठेवत नाही, त्याचा शब्द कोण मोडेल?

“आठ,” सर म्हणाले.

“आठ?” भाचीने एकदाच विचारलं. मग मान हलवली, निबंध पिशवीत घातला, आणि “बरं मामा” म्हणून गेली. भांडली नाही. तिला तसंच शिकवलं होतं.

त्याच आठवड्यात चष्मेवाल्यांची मुलगी आली. भाचीच्याच वर्गातली, तिची जिवाभावाची मैत्रीण, आणि कॉलेजही तेच. मुलगी गोड, गुण चांगले, पियानोच्या परीक्षा दिलेल्या. मोकळ्या वेळात काय करतेस विचारल्यावर ती खूप विचार करून म्हणाली, “पियानोचा सराव.” मग खालच्या आवाजात, “म्हणजे, बाबा सांगतात म्हणून.” सरांच्या मनात बारा आले. कात्री लावली असती तर चार झाले असते. पण चष्मेवाले दोन्ही हात समोर धरून उभे होते, डोळ्यांत डोळे घालून. या माणसाचं तोंड रोज जिन्यात दिसणार. सरांची कात्री खिशातच राहिली, आणि वर जिभेने थोडी मापात भर घातली.

“पंधरा.”

चष्मेवाल्यांनी त्यांच्या चष्म्याला नवी काच बसवून दिली. सर “नको हो, नको हो” म्हणत घालून बघत होते.

भाची काही दिवस फिरकली नाही. सरांना वाटलं, अर्जाच्या गडबडीत असेल. त्यांनी गुपचूप एक फोटोची चौकट आणली आणि टेबलाच्या खणात ठेवली. निकालाची तारीख जवळ येऊ लागली, तसे ते अधूनमधून खण उघडून चौकटीची काच पुसत. नव्या चष्म्यातून ती फारच छान दिसे.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी चष्मेवाल्यांची मुलगी वर आली. तिचं झालं नव्हतं. डोळे सुजलेले होते, पण बोलणं सरळ.

“बाबांनी पाठवलं. म्हणाले, सरांना सांगून ये, आमचं काही म्हणणं नाही. तुम्ही पंधरा म्हणाला होता. पंधरा म्हणजे बहुतेक नाहीच, नाही का?”

“बहुतेक नाहीच,” सर म्हणाले, आणि स्वर जमेल तेवढा हळवा करून विचारलं, “आणि आमची भाची? तिचं काय आलं?”

मुलगी त्यांच्याकडे बघत राहिली. “तिने कुठे भरला होता अर्ज?”

“म्हणजे?”

“तुम्हाला माहीत नाही? मोठ्या बाई एका कॉलेजला एकच नाव पाठवतात ना शाळेकडून. मागच्या वर्षी दोन पाठवली तर कॉलेजने दोन्ही सोडून दिली, तेव्हापासून. आम्ही दोघी बाईंसमोर उभ्या होतो. बाई तिचंच नाव लिहायला निघाल्या होत्या. तर तीच म्हणाली, बाई, माझ्या मामाने हिला पंधरा सांगितलेत आणि मला आठ. हिचं पाठवा.”

सरांचा हात खणाच्या मुठीवर होता. तो तिथेच राहिला.

“मी नको म्हटलं,” मुलगी म्हणाली. “तर म्हणाली, आकड्याशी काय भांडायचं?”

ती गेल्यावर जिन्यात चष्मेवाले भेटले. त्यांनी सरांचा खांदा दाबला. “सर, तुमच्यासारखा सरळ माणूस नाही. दुसऱ्याने आम्हाला आशेवर झुलवलं असतं.” अक्षरांच्या तक्त्यातली सगळ्यांत मोठी अक्षरंही सरांना त्या वेळी नीट दिसेनात, आणि दोष काचेचा नव्हता.

घरी बायकोला सांगावंच लागलं. त्यांना वाटलं होतं, ती चांगली झाडेल, मग आपण गप्प बसू, मग निवळेल हळूहळू. तिने झाडलंच नाही. हातातली भांडी ठेवून म्हणाली, “लोकांच्या पोरांना करत होतात तेव्हा मी हसत होते. माझंही चुकलं.” यापेक्षा सरांना शिव्या बऱ्या वाटल्या असत्या.

“ताईला काय सांगू?”

“ताईंना नंतर. आधी पोरीला सांगा. आणि तिला सांगताना चष्मा पुसत बसू नका.”

भाची शिंप्याकडे काजं करत बसली होती. शिंपी मशीनवर. सर उंबऱ्याशी उभे राहिले. वर्षानुवर्षं ते या दुकानाकडे वरून बघत आले होते. खालून बघितलं तर समोर त्यांचीच खिडकी होती, आणि खिडकीतून भिंतीवरच्या फोटोंच्या कडा दिसत होत्या.

“मामा? आत ये ना. इथं कुणाला ऐकू जाणार नाही, काय बोलायचं ते बोल.”

सर बोलले. कात्रीचं सांगितलं. साठाचं वीस, तिसाचं दहा. तिचे पंचावन्न होते हेही सांगितलं. मैत्रिणीचे बारा होते, तेही. ताईचं कारण सांगितलं. तिथे थांबता आलं असतं, भाचीचा चेहरा मऊ पडू लागला होता. पण भिंतीवरच्या रिकाम्या जागेचं आणि खणातल्या चौकटीचंही त्यांनी सांगितलं.

भाची सुईत दोरा ओवत होती. तो काही ओवला जाईना.

“चौकट आणून ठेवली होतीस?”

“हो.”

“कसली?”

“लाकडी.”

“म्हणजे तुला पक्कं माहीत होतं,” ती म्हणाली. “आणि मी घरी आईला समजावत होते. आई म्हणत होती, भर तरी. तर मी म्हटलं, तुला आकड्यांतलं कळत नाही. असं बोलले मी आईला.”

शिंप्याने मशीन थांबवली. दोघांचे चेहरे पाहून त्याने भाचीकडे हाताने काहीतरी विचारलं. तिने हातानेच काहीतरी सांगितलं. बरंच लांब सांगितलं. शिंप्याने वळून सरांकडे बघितलं आणि मशीन पुन्हा चालू केली.

“काय सांगितलंस त्याला?”

“जे तू सांगितलंस ते. एकही टक्का न कापता.”

दुसऱ्या दिवशी सर मोठ्या बाईंकडे गेले. याच शाळेत त्यांनी खडू झिजवले होते, आणि बाई त्या वेळी त्यांच्या हाताखाली होत्या. आता सर टेबलाच्या अलीकडे बसले. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

“त्या कॉलेजचं यंदा संपलं. आता दुसरं नाव पाठवलं तर पुढच्या वर्षीच्या पोरांचं वजन जाईल. ते मी करणार नाही.”

“तसं मी म्हणतही नाही.”

“दुसरं एक आहे, त्याहून कडक. अर्ज अजून घेतायत. तिथं आमचं कुणी गेलं नाही, नाव मोकळं आहे.” बाईंनी वही मिटली. “तिच्या निबंधाची मी वाट बघत होते, सर. मला वाटलं, मामांनी आठ म्हटलंय तर त्यांना काहीतरी दिसलं असेल जे मला दिसत नाही. तुमच्या शब्दावर मी माझं मत गिळलं. ते माझ्या गळ्यात अजून आहे.”

सर उठले तेव्हा त्यांना जुन्या सवयीने वाटलं, आपणही अंगठे धरून उभं राहावं.

भाचीने दुसरीकडे अर्ज भरला. भरण्याआधी ती वर आली, सोबत ताई, ताईच्या मागे चष्मेवाल्यांची मुलगी. खोलीत दुसरे दोन पालकही बसले होते. भाचीने त्यांना जिन्यात पाठवू दिलं नाही.

“मामा, या नव्या कॉलेजात माझे किती?”

सरांचा हात चष्म्याकडे गेला आणि खाली आला. “चाळीस,” ते म्हणाले. “मनात चाळीस आहेत आणि तोंडातही चाळीस. नाही झालं तर इथं येऊन मला बोला.”

“माझे बारा होते ना?” चष्मेवाल्यांची मुलगी म्हणाली. तिला कळलंच होतं तर. “मला बारा आणि हिला पंचावन्न सांगितले असतेत तरी चाललं असतं, सर. मग मीच हिला ढकलून पुढं केलं असतं.”

बसलेल्या पालकांपैकी एकाने विचारलं, “म्हणजे आमच्या मुलाचे जे नऊ सांगितलेत, ते किती?” सरांनी सांगितलं. अठ्ठावीस. तो माणूस आनंदाने उठला आणि दारापर्यंत जाऊन रागावला. ताई या सगळ्यात काही बोलली नाही. ती नुसती बघत होती, आणि सर ज्याला इतके दिवस घाबरत होते ते हेच होतं.

भाचीचं झालं नाही.

झालं असतं तर गोष्ट सोपी झाली असती, सरांनाही आणि मलाही. पण चाळीस हो म्हणतात तेव्हा साठ नाही म्हणतात, आणि त्या साठांनी आपलं काम केलं. पुढच्या वर्षी मोठ्या बाई पहिल्या कॉलेजला तिचं नाव पाठवणार आहेत. तोवर ती शिंप्याकडे बसते आणि त्याचे नवे पुठ्ठे करते. एक वर्ष वाया गेलं. ते कुणाच्या जिभेपायी गेलं, हे आता गावाला माहीत आहे. जिन्यातली रांग आखूड झाली आहे, आणि चष्मेवाले सरांना बघून आधीसारखे खांदा दाबत नाहीत. नमस्कार करतात. तो फार जड जातो.

निकालानंतर भाची स्वतःचा फोटो घेऊन वर आली होती.

“ती चौकट आहे ना अजून? लाव.”

“अगं, पण तुझं तर...”

“म्हणूनच. खाली लिही. चाळीस टक्के. आणि नाही.”

“येणारे लोक विचारतील.”

“विचारू देत. तू सांग.”

फोटो मधोमध लागला. येणारा प्रत्येक जण आधी तोच बघतो आणि विचारतो, “ही कोण?” सर सांगतात, “माझी भाची.” मग “तिचं काय झालं?” मग सर पहिल्यापासून सांगायला बसतात. दर वेळी चौकटीपर्यंत आल्यावर त्यांचे कान लाल होतात. काही लोक तिथेच उठून जातात. जे थांबतात त्यांना आकडा मिळतो, कापलेला नसतो.

आणि तो सांगताना सरांची नजर चुकून खिडकीबाहेर जाते. समोर शिंप्याच्या दुकानात भाची काम थांबवून वर बघत असते. ती हाताने एक खूण करते, छोटीशी, दोन बोटांची. शिंपी खाली मान घालून हसतो, इतका की मशीन वाकडी पळते. ती खूण कुठल्याच पुठ्ठ्यावर नाही, सरांनी रस्ता ओलांडून एकेक पुठ्ठा वाचून बघितला आहे.

“काय गं ती खूण?” त्यांनी एकदा विचारलं.

“शिंप्याला विचार,” ती म्हणाली.

अजून त्यांचं धाडस झालेलं नाही.